प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचें नांव ज्याच्या कानावर आलें नाहीं, असा विद्यार्थी वऱ्हाडांत विरळा. काळ्या, सपाट पठारावरून चालतां चालतां अकस्मात् एक वाटोळें खोल विवर समोर येतें. त्याचा व्यास सुमारें १८०० मीटर असून कांठापासून तळापर्यंतची खोली सुमारें १५० मीटर आहे. तळाशीं खारें व क्षारयुक्त पाणी, उतारावर गोड्या पाण्याची अखंड धार, पाण्याच्या कांठीं कमळजा देवीचें देऊळ आणि गांवांत दैत्यसूदनाचें कोरीव मंदिर, असा तेथील देखावा आहे. लवणासुराचा वध भगवान् विष्णूंनीं ह्याच ठिकाणीं केला, अशी पुराणकथा आहे. शास्त्राची कथा निराळी आहे. ती अशी कीं, आकाशांतून एक प्रचंड अशनि येऊन ह्या खडकावर आदळला आणि त्या आघातानें हें विवर निर्माण झालें.

आकाशांतून पाषाण पडतात, ही गोष्ट एकदां मान्य केली म्हणजे जिज्ञासु मनास पुढचे प्रश्न पडल्यावांचून राहत नाहींत. हे पाषाण येतात कोठून? अंतराळांत असे पाषाण किती असावेत? आणि सूर्य, तारे, तसेंच दुर्बिणींतून धुरकट ढगांसारखे दिसणारे तेजोमेघ, हे सर्व अशाच पाषाणांच्या थव्यांपासून झाले असतील काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील एका थोर ज्योतिर्विदानें ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी दिलें होतें. तें उत्तर कसास लावून पाहणारे निरीक्षक जगांत फार थोडे होते. आणि त्या थोड्यांपैकीं एक आपल्या महाराष्ट्रांत, पुण्यास, दुर्बिणीशीं बसलेला होता. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे ते गृहस्थ होत. हिंदुस्थानांत ज्यांनीं आधुनिक ज्योतिर्भौतिकीचा पाया घातला, त्यांत त्यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. त्यांचें चरित्र थोडक्यांत येथें सांगावयाचें आहे.

कावसजींचा जन्म इ. स. १८५७ मध्यें एका पारशी घराण्यांत झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच सालची. म्हणजे पश्चिम हिंदुस्थानांतील नव्या विद्येच्या वयाबरोबरच हा मुलगा वाढला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांचें उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन ते १८७८ सालीं एम्. ए. झाले आणि चॅन्सेलरचें सुवर्णपदक त्यांनीं संपादन केलें. अशा बुद्धिमान् पदवीधरास त्या काळीं वकिली आणि सरकारी हुद्दा ह्या दोन प्रशस्त वाटा मोकळ्या असत. द्रव्य व मान हीं दोन्ही तिकडेच होतीं. कावसजींनीं तिकडे पाठ फिरविली आणि ज्या कॉलेजांत ते स्वतः शिकले, तेथेंच ते प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे व्याख्याते झाले. पुस्तकांतील सिद्धान्त मुखोद्गत करणें निराळें आणि हातानें प्रयोग करून तो सिद्धान्त खरा कीं खोटा हें पाहणें निराळें. कावसजींचा ओढा प्रथमपासून ह्या दुसऱ्या प्रकाराकडे होता.

परंतु प्रयोगास उपकरणें लागतात आणि उपकरणांस द्रव्य लागतें. ह्या कामीं त्यांना एका उदार संस्थानिकाचें साहाय्य लाभलें. १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनीं एल्फिन्स्टन कॉलेजांत वर्णपटशास्त्राची प्रयोगशाळा व्हावी, म्हणून ५००० रुपयांची देणगी दिली व मुंबई सरकारनें तितकीच रक्कम तींत घातली. यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठीं कावसजी १८८४ सालीं इंग्लंडास गेले. तेथील नामांकित ज्योतिर्विदांशीं विचारविनिमय झाल्यावर मूळचा बेत विस्तारला. नुसती प्रयोगशाळा न करितां, ताऱ्यांच्या व तेजोमेघांच्या प्रकाशाचें पृथक्करण करणारी एक वेधशाळाच उभारावी, असें ठरलें. पुढील सालीं कावसजींची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें झाली आणि त्यांच्याबरोबर वेधशाळेचा बेतही पुण्यास आला. हेंच कॉलेज पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें व आज तें स्वतंत्र तंत्रशास्त्रीय विद्यापीठ झालें आहे. १८८८ सालीं त्याच्या आवारांत वेधशाळा उभी राहिली आणि देणगीदाराच्या स्मरणार्थ तिला महाराज तख्तसिंहजी वेधशाळा असें नांव मिळालें.

ह्या वेधशाळेचें भूषण म्हणजे डब्लिन येथील ग्रब ह्यांच्या कारखान्याची परावर्तक दुर्बीण होय. तिच्या आरशाचा व्यास २० इंच होता. हिंदुस्थानांत तिच्या तोडीची दुसरी दुर्बीण त्या काळीं नव्हती आणि पुढेंही कित्येक दशकें झाली नाहीं. शिवाय पुण्याचें स्थानही अनुकूल होतें. मृगनक्षत्रांतील प्रसिद्ध तेजोमेघ लंडनहून पाहिला असतां मध्यान्हवृत्तावरही क्षितिजापासून अवघा ३३ अंश वर येतो. त्यामुळें त्याचा प्रकाश वातावरणाच्या जाड थरांतून व शहराच्या धुरांतून यावा लागतो. पुण्यास तोच तेजोमेघ ६६ अंश उंचीवर चढतो आणि हिवाळ्याच्या रात्रीं दख्खनचें आकाश बहुधा निरभ्र असतें. निसर्गानें दिलेल्या ह्या सवलतीचा उपयोग करून घेणें, हेंच कावसजींनीं आपलें कार्य मानिलें.

आतां ज्या यंत्रावर त्यांचा मुख्य भर होता, त्या वर्णपटदर्शकाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पावसाच्या थेंबांतून सूर्याचा प्रकाश गेला म्हणजे इंद्रधनुष्य उमटतें, हें सर्वांस ठाऊक आहे. लोलकांतून कोणताही प्रकाश जाऊं दिला, तर त्याचे रंग असेच विलग होतात. पदार्थ घन अथवा द्रव असून तापून तेजस्वी झाला असेल, तर सर्व रंगांचा अखंड पट्टा दिसतो. उलट, विरळ व तप्त वायूचा प्रकाश असेल, तर काळोखांत सुट्या, रंगीत रेषा तेवढ्या दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक जागीं पडतात. लोणारच्या क्षाराची चिमूट स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतींत टाकली, तर ज्योत एकदम पिवळी होते. कारण त्या क्षारांत सोडियम असतें व सोडियमच्या रेषा पिवळ्या भागांत पडतात. ह्याच खुणेनें कोट्यवधि मैल दूर असलेल्या ताऱ्यांत कोणतीं द्रव्यें आहेत, हें येथें बसून ओळखतां येतें.

ह्या विद्येपुढें त्या काळीं जो सर्वांत गहन प्रश्न होता, तो तेजोमेघांचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हर्शेल ह्यानें आपल्या बहिणीच्या, म्हणजे कॅरोलिनच्या, साहाय्यानें असे सुमारें २५०० तेजोमेघ व तारकागुच्छ शोधून त्यांच्या याद्या केल्या. हे ढग म्हणजे अतिदूर असलेल्या ताऱ्यांचे समुदाय आहेत, कीं खरोखरच वायूचे लोट आहेत, ह्याविषयीं मतभेद होता. दुर्बिणी मोठ्या झाल्या, तरी वाद मिटेना. अखेर १८६४ च्या ऑगस्टमध्यें विल्यम हगिन्स ह्यानें कालेय तारकासमूहांतील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळविला. त्याला अखंड पट्टा दिसला नाहीं. मुख्यतः एक तेजस्वी हिरवी रेषा दिसली. तेव्हां हा तेजोमेघ वायुरूप आहे, हें सिद्ध झालें. मृगांतील तेजोमेघही तसाच निघाला. उलट, देवयानींतील तेजोमेघानें ताऱ्यांसारखा अखंड पट्टा दाखविला. म्हणजे एकाच नांवाखालीं दोन भिन्न जातींच्या वस्तु मोडत होत्या. परंतु एक कोडें सुटतांच दुसरें उत्पन्न झालें. ती हिरवी रेषा कोणत्या द्रव्याची? पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशीं ती निर्विवादपणें जुळेना. कांहींनीं तर नेब्युलियम नांवाचें एक नवें मूलद्रव्यच कल्पिलें.

अशा वेळीं सर नॉर्मन लॉकियर हे आपलें मत घेऊन पुढें आले. लॉकियर म्हणजे त्या काळचें मोठें प्रस्थ. सूर्याच्या वर्णपटांतील एका पिवळ्या रेषेवरून हेलियम ह्या तोंवर अज्ञात असलेल्या द्रव्याचें अनुमान करणाऱ्यांत ते प्रमुख होते, आणि नेचर ह्या शास्त्रीय साप्ताहिकाचे ते संस्थापक व संपादक होते. १८८७ पासून त्यांनीं असें प्रतिपादन चालविलें कीं, तेजोमेघ, धूमकेतु आणि तारे हे सर्व मूलतः अशनींचे थवे आहेत. अशनि परस्परांवर आदळतात, त्यांपासून उष्णता उत्पन्न होते, थवा आकुंचन पावतो व अखेर त्याचा तारा बनतो. विश्वाच्या उत्पत्तीची अशी एकसूत्री मांडणी त्यांनीं केली. तिचा एक मोठा आधारस्तंभ म्हणजे तीच हिरवी रेषा. अशनींत मॅग्नेशियम विपुल असतें. मॅग्नेशियम जाळलें असतां वर्णपटांत हिरव्या भागीं प्रकाशाचा एक पट्टा उमटतो. त्या पट्ट्याची एक कड रेखीव असते आणि दुसऱ्या बाजूस तो हळूहळू विरत जातो. तेजोमेघांतील हिरवी रेषा म्हणजे ह्या पट्ट्याचा शिल्लक राहिलेला तेजस्वी कांठ होय, असें लॉकियर ह्यांचें म्हणणें होतें.

हा वाद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. केसाएवढ्या रेषेची एक बाजू अस्पष्ट आहे कीं नाहीं, ह्यावर पंडितांनीं इतकें भांडावें कशाला? परंतु त्या केसावर एक संपूर्ण विश्वरचना टांगलेली होती. रेषा एका बाजूस विरत असेल, तर मॅग्नेशियमला पुष्टि मिळते, अशनींचा सिद्धान्त उभा राहतो आणि आकाशांतील प्रत्येक ज्योति पाषाणांपासून झाली, असें म्हणण्यास आधार मिळतो. रेषा दोहों बाजूंस सारखीच रेखीव असेल, तर तो आधारस्तंभ कोसळतो.

कावसजींनीं आपली दुर्बीण मृगांतील तेजोमेघाकडे वळविली आणि त्या मुख्य रेषेचें निरनिराळ्या परिस्थितींत काळजीपूर्वक निरीक्षण केलें. अशा निरीक्षणाचे श्रम ज्यानें केले नाहींत, त्यास त्याची कल्पना येणें कठीण. तेजोमेघाचा प्रकाश मुळांतच मंद. तो लोलकांतून पसरला म्हणजे आणखी मंद होतो. यंत्राची फट रुंद ठेविली, तर प्रकाश पुरेसा मिळतो, पण रेषा जाड व अस्पष्ट दिसते. फट अरुंद केली, तर रेषा रेखीव होते, पण प्रकाश डोळ्यांस जेमतेम जाणवतो. डोळा अंधारास सरावला पाहिजे, हात स्थिर पाहिजे, आणि सर्वांहून महत्त्वाचें म्हणजे मन तटस्थ पाहिजे. जें दिसावें असें वाटतें तें न पाहतां, जें आहे तेंच पाहण्याची संवय पाहिजे. कावसजींस ती रेषा प्रत्येक वेळीं बारीक व दोन्ही बाजूंस सारखीच रेखीव दिसली. विरत जाणाऱ्या पट्ट्याचा मागमूसही आढळला नाहीं. हा निष्कर्ष त्यांनीं १८९१ सालीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तांत प्रसिद्ध केला.

ह्या गोष्टीचें मोल नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. एका बाजूस साम्राज्याच्या राजधानींतील विश्वविख्यात शास्त्रज्ञ, हातीं साप्ताहिक, पदरीं कीर्ति. दुसऱ्या बाजूस चौतिशीच्या आंतबाहेर असलेला, परतंत्र देशांतील एका कॉलेजचा अध्यापक, ज्याची वेधशाळा उभी राहून अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. मोठ्यांच्या मतास दुजोरा देणें सोपें होतें आणि गप्प बसणें त्याहून सोपें. कावसजींनीं दोन्ही केलें नाहीं. त्यांनीं कोणाची निंदा केली नाहीं कीं स्वतःचा डंका वाजविला नाहीं. जें दिसलें तें लिहून पाठविलें. हगिन्स ह्यांचें मतही असेंच होतें, आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीवर काम करणाऱ्या कीलर ह्यानें त्या रेषेचें स्थान मोजून ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याशीं जुळत नाहीं, असें दाखविलें. लंडन, कॅलिफोर्निया आणि पुणें ह्या तीन दूरदूरच्या ठिकाणांहून एकच साक्ष आली. अशा साक्षीनेंच शास्त्रांत सत्य प्रस्थापित होतें. त्यापुढें अधिकार, वंश व कीर्ति ह्यांचें कांहीं चालत नाहीं.

कावसजींच्या आयुष्यांतील दुसरा संस्मरणीय प्रसंग म्हणजे २२ जानेवारी १८९८ चें खग्रास सूर्यग्रहण. चंद्राच्या छायेचा पट्टा कोंकणच्या किनाऱ्यावरून शिरून महाराष्ट्र व मध्यप्रांत ओलांडून बिहारकडे गेला. जगांतील नामांकित ज्योतिर्विद हिंदुस्थानांत लोटले. स्वतः लॉकियर विजयदुर्गास उतरले होते. इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्टी हे मध्य हिंदुस्थानांत साहडोल येथें होते. कावसजींनीं सोलापूर जिल्ह्यांतील करमाळें तालुक्याचें जेऊर हें गांव निवडलें. रेल्वे जवळ असल्यानें अवजड यंत्रें तेथें नेणें सुलभ होतें. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही आपला तळ घेऊन तेथेंच आले होते. मुंबई इलाख्यांत त्या दिवसांत प्लेगचा कहर चालला होता. तरीही ही तयारी तडीस गेली.

खग्रास अवस्था सुमारें दोन मिनिटें टिकली. महिनोगणती केलेली सिद्धता त्या दोन मिनिटांत फळास यावयाची होती. एक कळ चुकली, एक पडदा वेळेवर उघडला नाहीं, तर सर्व परिश्रम पाण्यांत. सूर्यबिंब झांकलें जातांच त्याच्या कडेवरील पातळ वायूचा थर क्षणमात्र चमकतो आणि वर्णपटांतील काळ्या रेषा उजळून निघतात. मग मोत्यासारखा शुभ्र प्रभामंडल सूर्याभोंवतीं पसरतो. कावसजींनीं ह्या दृश्याचीं व त्याच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं आणि त्यांचें सविस्तर विवेचन १९०२ सालीं वेधशाळेच्या प्रकाशनमालेंतील पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध केलें. दोन मिनिटांच्या निरीक्षणाचें मंथन चार वर्षें चाललें, ह्यावरून त्यांची चिकाटी दिसून येते.

ह्यानंतरच्या कथेंत मात्र खेदाची छटा आहे. वेधशाळा उभी राहिली ती कावसजींच्या उत्साहावर, आणि चालली तीही त्यांच्याच उत्साहावर. त्यांच्या मागें हें व्रत चालविणारा दुसरा कोणी तयार करावा, अशी तजवीज झाली नाहीं. दरम्यान दक्षिणेंत कोडाईकनाल येथें सरकारी वेधशाळा स्थापन झाली होती. १९१२ सालीं कावसजी सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबरच पुण्याची वेधशाळाही बंद करण्यांत आली. दुर्बीण व इतर उपकरणें कोडाईकनालला रवाना झालीं. दुर्बिणीचें आयुष्य मात्र तेथें संपलें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत, नव्या वेधशाळेस योग्य जागा शोधण्याच्या कामीं तीच भावनगर दुर्बीण लडाखांत लेह येथें नेण्यांत आली होती. एका संस्थानिकाच्या देणगीचें व एका अध्यापकाच्या ध्यासाचें फळ शंभर वर्षांनींही उपयोगी पडलें.

निवृत्तीनंतर कावसजी सव्वीस वर्षें जगले. १९३८ सालीं, वयाच्या सुमारें ऐंशीव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. ह्या सव्वीस वर्षांत ज्योतिषशास्त्राचें सर्व रूप पालटलें आणि ज्या कोड्यांशीं ते तारुण्यांत झुंजले होते, तीं एकामागून एक उलगडलीं. १९२७ सालीं अमेरिकेंतील आयरा बोएन ह्यानें हिरव्या रेषेचें रहस्य उकललें. ती मॅग्नेशियमची नव्हती आणि नेब्युलियम नांवाचें द्रव्यही जगांत नव्हतें. ती रेषा आपल्या ओळखीच्या प्राणवायूची, म्हणजे ऑक्सिजनची, होती. परमाणूनें दोन इलेक्ट्रॉन गमावले असतां व तो अतिशय विरळ अवस्थेंत असतां तो हा प्रकाश देतो. प्रयोगशाळेंत परमाणु एकमेकांवर सारखे आदळत असल्यामुळें त्यास ही उसंत मिळत नाहीं. तेजोमेघ इतका विरळ असतो कीं, आपल्या उत्तम निर्वात पात्रांतही त्याहून अधिक द्रव्य असतें. पाषाणांच्या टकरींचें तेथें नांवही नव्हतें.

देवयानीसारख्या तेजोमेघांचें कोडेंही ह्याच काळांत सुटलें. हेन्रिएटा लेव्हिट ह्या विदुषीनें १९१२ सालीं कांहीं रूपविकारी ताऱ्यांच्या स्पंदनकाळावरून त्यांचें खरें तेज ओळखण्याचा नियम दिला होता. १९२३ सालीं एडविन हबल ह्यास देवयानींत असाच एक तारा सांपडला, आणि हा तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे, हें कळून आलें. आजच्या मापानें तें अंतर सुमारें २५ लाख प्रकाशवर्षें भरतें. म्हणजे तो ढग नसून अब्जावधि ताऱ्यांचें एक स्वतंत्र जग, एक दीर्घिका, आहे. पुढें बेल्जियममधील धर्मगुरु व गणिती जॉर्ज लमेत्र ह्यानें १९२७ सालीं आणि हबलनें १९२९ सालीं दाखविलें कीं, ह्या दीर्घिका परस्परांपासून दूर जात आहेत. विश्व प्रसरण पावत आहे. तेव्हां प्रश्न नव्या रूपांत उभा राहिला. ह्या दीर्घिका प्रथम बनल्या तरी कशा?

लॉकियर ह्यांनीं जेथें पाषाणांचे थवे कल्पिले, तेथें आजचें शास्त्र काय सांगतें, तें थोडक्यांत पाहूं. विश्वाचें वय सुमारें १३८० कोटि वर्षें आहे. आरंभीं पाषाण नव्हते, लोखंड नव्हतें, मॅग्नेशियम नव्हतें. होते ते मुख्यतः हायड्रोजन व हेलियम हे दोन वायु, आणि त्यांच्या सुमारें पांचपट वजनाचें, प्रकाश न देणारें असें कृष्णद्रव्य. विश्व सुमारें ३,८०,००० वर्षांचें असतांना जो प्रकाश मोकळा झाला, तो १९६५ सालीं सूक्ष्मलहरींच्या रूपानें ओळखण्यांत आला. तो बहुतेक सर्वत्र सारखा आहे. फरक आहे तो लाखांत एक भागाएवढा. पण तेवढा फरक पुरेसा होता. जेथें द्रव्य तिळभर दाट, तेथें गुरुत्वाकर्षण तिळभर अधिक. म्हणून तेथें आणखी द्रव्य ओढलें गेलें. पाण्याचा थेंब उताराकडे धांवावा, त्याप्रमाणें कृष्णद्रव्याच्या खळग्यांत वायु उतरत गेला. पण नुसतें उतरून भागत नाहीं. दाबला गेलेला वायु तापतो आणि तापलेला वायु अधिक दबण्यास विरोध करतो. ती उष्णता प्रकाशरूपानें बाहेर टाकून जेथें तो थंड होऊं शकला, तेथेंच तो आकसला व तेथेंच पहिले तारे पेटले. ते तारे बहुधा प्रचंड व अल्पायुषी होते. त्यांच्या पोटांत प्राणवायु, कर्ब, मॅग्नेशियम, लोह हीं द्रव्यें शिजलीं आणि त्यांच्या स्फोटांनीं तीं सभोंवार विखुरलीं. लहान समुदाय एकमेकांत मिसळत जाऊन मोठ्या दीर्घिका झाल्या. पाषाण हे विश्वाचें बीज नसून ताऱ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्यावर उरलेली राख आहे.

ह्या कथेंत कावसजींची हिरवी रेषा पुनः प्रकट होते. जेम्स वेब नांवाची अंतराळ दुर्बीण २५ डिसेंबर १९२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २५ डिसेंबर २०२१ रोजीं, अंतराळांत सोडण्यांत आली. जुलै २०२२ मध्यें तिनें टिपलेल्या पहिल्या वर्णपटांत एक इवली दीर्घिका होती. तिचा प्रकाश १३१० कोटि वर्षें प्रवास करून आला होता. विश्वाच्या प्रसरणानें त्या प्रकाशाच्या लहरी सुमारें साडेनऊ पट ताणल्या गेल्या होत्या, म्हणून ती रेषा हिरवी न राहतां डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त भागांत गेली होती. पण ओळख पटण्यास अडचण पडली नाहीं; ती प्राणवायूचीच रेषा होती. तिचा अर्थ असा कीं, विश्व इतकें बाल असतांनाही त्या दीर्घिकेंत ताऱ्यांची एक पिढी जन्मून मरूनही गेली होती. कारण त्यांच्या मरणावांचून प्राणवायु बाहेर येत नाहीं. मृगांतील ज्या रेषेच्या कडा पुण्यास बसून एका अध्यापकानें डोळे ताणून तपासल्या, तीच रेषा आज आद्य दीर्घिकांचें वय व घडण सांगणारी विश्वासू साक्षीदार झाली आहे. पुण्यासही ही परंपरा खंडित राहिली नाहीं. १९८८ सालीं तेथें खगोलशास्त्राचें आंतरविद्यापीठ केंद्र स्थापन झालें, आणि जिल्ह्यांतील खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिनें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ८०० कोटि वर्षांपूर्वींच्या दीर्घिकांमधील हायड्रोजनचें मोजमाप केलें.

आतां लोणारकडे वळूं. आकाशांतील तेजोमेघ पाषाणांचे नाहींत, हें ठरलें. परंतु लोणारचें विवर पाषाणाच्या आघाताचें आहे, हें मात्र पुष्कळ काळ कोणी मानीत नव्हतें. जुने भूगर्भवेत्ते तें ज्वालामुखीचें मुख समजत. गिल्बर्ट ह्या थोर अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञानें १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भाषणांत ॲरिझोनांतील विवराशीं लोणारची तुलना केली, पण दोन्ही भूमिगत वाफेच्या स्फोटानें झालीं असावींत, अशाच निष्कर्षाकडे तो झुकला. खरा पुरावा १९७३ सालीं हातीं आला. विवराच्या तळांतून काढलेल्या खडकांत, प्रचंड आघातावांचून निर्माण न होणारी कांच सांपडली. शिवाय दख्खनचा ज्वालामुखी सुमारें ६॥ कोटि वर्षांपूर्वीं शांत झाला, आणि विवराचें वय निरनिराळ्या मापांनीं सुमारें ५० हजार ते ५ लक्ष ७० हजार वर्षें भरतें. मग ज्वालामुखीस दोष देतां येईल कसा? म्हणजे एकच अशनि-कल्पना आकाशांत खोटी ठरली व लोणारास खरी ठरली. कल्पना स्वतः खरीही नसते आणि खोटीही नसते. प्रत्येक ठिकाणीं तिची निराळी परीक्षा घ्यावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, कावसजींच्या चरित्रांत रणांगणें नाहींत, राजसभा नाहींत कीं चमत्कार नाहींत. एका कॉलेजांतील अध्यापकानें मिळालेल्या साधनांचा प्रामाणिक उपयोग केला, एवढीच ती कथा आहे. परंतु त्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मोठ्या माणसाचा आदर करावा, पण त्याच्या मताची परीक्षा करण्यास भिऊं नये. परीक्षा करणें हाही आदराचाच एक प्रकार आहे. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, कोणतीही संस्था एकाच खांद्यावर उभी ठेवूं नये. जो दिवा लावितो त्यानें व त्याच्याभोंवतीं असलेल्या सर्वांनीं दुसरा दिवा लावणारा तयार केला पाहिजे. पुण्याची वेधशाळा चोवीस वर्षांत मावळली, ही हानि तिच्या संस्थापकाची नव्हे. ती आपल्या समाजाची होती. येत्या हिवाळ्यांत मृगनक्षत्र डोक्यावर आलें म्हणजे त्याच्या तीन ताऱ्यांच्या बाणाखालीं जो अंधुक ठिपका दिसतो, त्याकडे अवश्य पाहावें. तोच तो तेजोमेघ. आणि त्यांतील प्रकाशाची साक्ष निर्भयपणें देणारा पहिला महाराष्ट्रवासी निरीक्षक म्हणून प्रोफेसर नायगमवाला ह्यांचें स्मरण करावें.